कॉम्प्युटरच्या पोटातला कापूस

आंजी (मोठी),
बुधवार, ५ ऑक्टोबर १९८८

सेलू मुक्कामी आमचे इवाई, मोठ्या मानाचे सदाशिवराव यांना आंजीहून वासुदेवरावाचा दोन्ही हातांनी रामराम. इहीणबाईंनाही सांगा. आमच्याकडे सर्वांची खुशाली आहे (म्हणजे सौ. देवकाबाईचा गुडघा सोडून, तो तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या घरात तो वेगळ्या माणसासारखाच राहतो). तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि हिरवी पट्टी अजून तीन आठवडे ठेवायची आहे, हे कळलं. दुसऱ्या डोळ्यानं तुम्हाला आधीपासूनच दिव्याभोवती नुसतं कडं दिसतं, तेव्हा चालताना भिंत धरून चाला. जड उचलू नका, खाली वाकू नका, वांगं जपून खा. आणि रागावणार नसाल तर एक विचारतो. मोतीबिंदू होता तो डोळा आणि डॉक्टरनं पट्टी बांधली तो डोळा एकच आहे ना? डॉक्टरवर माझा संशय नाही. पण माणूस घाईत असला की डावं-उजवं होतं. कोणाकडून तरी पाहून घ्या.

आता मुद्द्याचं. सोमवारी सकाळी तुमची मुलगी, म्हणजे आमची सून जयवंता, एक पिशवी घेऊन तुमच्याकडे आली. बाबांच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध टाकायला माणूस पाहिजे, असं तिनं सांगितलं असेल. ते खरंच आहे. पण औषध टाकायला जाणारी बाई परत कधी येणार ते सांगून जाते. ही पाया पडली आणि एक शब्द न बोलता बसमध्ये चढली. तिला परत पाठवा म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माहेर तिचं आहे, पाहिजे तितके दिवस राहो. फक्त तुमच्या कानावर एकच बाजू पडू नये, म्हणून दुसरी लिहितो. (हे पत्र तिच्या हाती देऊ नका.)

तुम्हाला माहीतच आहे, वर्ध्याला सहा महिने बसनं येऊन-जाऊन तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्या ओसरीत क्लास काढायचं मनात घेतलं. इकडे आमच्या चंद्रभानला नागपूरच्या ऑफिसात बदली मिळून राहिली आहे. नवरा-बायकोनं असं ठरवलं की दसऱ्याला ओसरीत क्लास सुरू झाला तर आंजीतच राहू, नाहीतर दिवाळी झाली की नागपूर. नागपूर वाईट नाही, नळाला पाणी येतं म्हणतात. पण ती दोघं गेली की या घरात मी, देवकाबाई आणि तिचा गुडघा, एवढे तीनच उरतो. तेव्हा तो क्लास व्हावा हे माझ्याइतकं कोणालाच वाटत नसेल. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं वाचताना कामी येईल.

पैसे त्या दोघांनी चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले. माझी त्यात फक्त पारख. तीही मी होऊन दिली नाही. जयवंताच म्हणाली, "मामाजी, तुमी चला संगं. तुमाले कोनी फसवत नाई." यात तिचा मोठेपणा किती आणि माझा मान राखणं किती, याचा विचार मी आता करतो, तेव्हा मात्र नवीन धोतर काढलं. चाळीस वर्षं या भागात कोणाच्या गोठ्यात बैल बांधला गेला तर आधी माझ्या नजरेखालून गेला आहे. बैलात तीन गोष्टी पाहायच्या असतात. गरीब आहे का, देखणा आहे का, आणि घेतलेल्या दामाचं काम देईल का. चौथं पाहणारा उगाच वेळ काढतो. म्हटलं, कॉम्प्युटरलाही हेच तीन लावू.

पहिला पाहिला तो 'रॉयल प्रिन्स'. वर्ध्यात मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान. दारात चपला काढायला लावल्या. देवळात काढतो, पंगतीला काढतो, पण गिऱ्हाइकाला अनवाणी करणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्या पिशवीत घालून काखेत धरल्या (नवीन होत्या). आत यंत्राची थंडी, ऐन पौषातली. आणि त्या वस्तूवर मखमलीचं कापड. बाजारात बैलावर झूल दिसली की मी आधी झुलीखाली हात घालतो, कारण खांदा सोललेला असला की मालकाला झूल सुचते. कापड काढलं. रूपाला नावं ठेवायला जागा नाही. सायीचा रंग, गोल कडा, बटण दाबलं की अडकित्त्यात सुपारी तुटल्यासारखा आवाज. मी टीव्हीसारख्या भागावर हात ठेवून म्हटलं, हाच ना तो? टाय बांधलेला इसम म्हणाला, तो नुसता दाखवतो, काम करणारा त्याच्या खालचा डबा आहे. म्हणजे दिसतो तो नाही, आणि आहे तो काही दाखवत नाही. माझी अर्धी खात्री तिथंच गेली. सुरू केल्याबरोबर पडद्यावर आकडे पळायला लागले. विचारलं, हा काय मोजून राह्यला? म्हणे, स्वतःची मेमरी मोजतो, रोज उठल्यावर मोजतो. आता मला सांगा, जो रोज सकाळी उठून आपली अक्कल जागेवर आहे का हे मोजून पाहतो, त्याच्या घरी कधीतरी चोरी झाली असली पाहिजे.

मग भावाची गोष्ट निघाली. तोंडानं भाव करणं ही भाजीबाजाराची रीत. बैलाचा सौदा दुपट्ट्याखाली बोटांनी होतो, हे तुम्हाला काय सांगायचं. एक बोट म्हणजे हजार, एक पेर दाबलं म्हणजे पाचशे, भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. आणि हातावर हात मारला की सौदा पक्का, मग सख्खा बाप आडवा आला तरी फिरत नाही. मी टायवाल्याचा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि बोटं दाबली (इथं बोट पाच हजारांचं धरलं). तो माझ्याकडे मोठ्या दयेनं पाहून म्हणाला, "अंकल, ठंड लग रही है क्या?" आणि मी चार बोटं सांगतो तर हा माझा पंजा चोळून गरम करतो. शेवटी त्यानं ते थंडीचं यंत्र बंद केलं आणि चहा मागवला. जयवंता भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिची पाठ हलत होती. मला वाटलं, तिलाही थंडी वाजली.

दुसरा 'सुगम'. जिन्याखालचं लहान दुकान, मालकीण प्रमिलाबाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. चपला काढायला लावल्या नाहीत (याचाही मला संशय आला). कॉम्प्युटर दिसायला जुन्या ट्रंकेसारखा, राखाडी, रूप म्हणून काही नाही. पण सुरू केला की समोर यादी येते. एक दाबा, हे होईल. दोन दाबा, ते होईल. जयवंता बसली, आणि पाच मिनिटांत तिनं आपलं नाव, माझं नाव आणि आंजी (मोठी) कंसासकट इंग्रजीतून लिहून दाखवलं. तिचा चेहरा मी पाहिला, नाही असं नाही. पण प्रमिलाबाई म्हणाल्या, अक्षरं थोडी फिक्की दिसतात, छापायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात भर दुपारी चालवू नका. आता, इवाई, विकणारा आपण होऊन तीन खोडी सांगतो, तेव्हा चौथी किती मोठी असेल? आणि इतका गरीब बैल मी एकदाच पाहिला आहे. तो नांगराला जुंपला की ओळीत मधेच बसायचा.

तरी भाव करून पाहू म्हटलं, दुपट्टा काढला, आणि हात पुढे नेता नेता ध्यानात आलं की समोर बाई आहे. परक्या बाईचा हात, तोही कापडाखाली, भर वर्ध्यात. चाळीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता, कारण बैलबाजारात बाई विकायला येतच नाही. म्हणून मी तोड काढली. जयवंताला म्हटलं, तू बाईंचा हात धर, मी तिकडं तोंड करून सांगतो. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत उभा, आणि मागं दुपट्ट्याखाली दोघींचे हात. मी म्हणतो, "चार बोटं धर, अन् पाचव्याचं पेर." जयवंता म्हणते, "मामाजी, माह्यावाली का बाईची?" प्रमिलाबाई म्हणतात, "अहो काका, गुदगुल्या होऊन राह्यल्या." मग दोघी जणी अशा हसत सुटल्या की जिन्यावरून दोन माणसं पाहायला उतरली. हसत हसत सौदा होत नसतो. मी दुपट्टा खांद्यावर टाकून बाहेर आलो.

तिसरा मधुकररावांच्या घरी पाहिला. हा गृहस्थ सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडतो, त्यावर कोणत्या कंपनीचं नाव नाही. मी विचारलं, नाव काऊन नाई? तर म्हणाला, "काका, बैलावर कंपनीचं नाव असते काय?" पुढे कळलं, त्याचे वडील बैलबाजारात दलाल होते. मी दुपट्टा टाकायच्या आत त्याचा हात पुढे आला. मग काय सांगू. काही वेळ आम्ही दोघं छताकडे पाहत बसलो आणि खाली बोटं बोलत राहिली. त्यानं एक बोट वाढवावं, मी एक पेर मोडावं, त्यानं करंगळी काढून घ्यावी. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. दामाला हाच तिघांत स्वस्त. हातावर हात पडला आणि मग दिसलं की जयवंता दाराशी उभी आहे.

"मामाजी, घेतला काय?"

"घेतला."

"कितीले?"

"ते सांगत नसतात."

ती म्हणाली, "मंग पैसे कोन देईन?" (त्या भावाचा आकडा शेवटी तिच्या कानात सांगावा लागला. त्याची मला अजून लाज वाटते.) रस्त्यात ती फक्त एवढंच म्हणाली की मला 'सुगम' बरा वाटला होता. मी म्हटलं, सौदा झाला, आता जबान फिरत नाही. ती म्हणाली, बरं.

वस्तू बसनं न्यायला माझं मन घेईना. वर टपावर टाकतात, वळणावर काय होईल सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आमचा गडी कवडू याला आणि त्याची बैलबंडी घेऊन गेलो, खाली कापसाचा बिछाना करून त्यावर तो डबा ठेवला, आणि दिवसभरात हळूहळू आणला. त्याच संध्याकाळी, शनिवारी पाच वाजता, जयवंतानं तो ओसरीत मांडला. क्लासला नाव घालणाऱ्या सहा मुली, त्यांच्या आया, आणि गेल्या निवडणुकीपासून माझ्याशी न बोलणारे किसनराव, एवढी मंडळी जमली. देवकाबाईनं कुंकू लावलं. बटण दाबलं, आकडे पळाले, आणि चार मिनिटांत वास आला. इस्त्रीखाली लुगडं राहावं तसा. मग त्यानं एक लांब शिट्टी घातली आणि पडदा काळा. किसनराव म्हणाले, "वासुदेवराव, म्हातारा बैल देला तुमाले. दात पाह्यले होते ना?"

जयवंतानं वायर काढली, मागचे चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत कापूस. पंख्यात, तारांत, कोपऱ्याकोपऱ्यात ठासून भरलेला कापूस.

आता तो कापूस तिथं कोणी भरला, हा प्रश्न आहे. माझा पहिला संशय मधुकररावांवर, कारण पोकळ माल वजनदार वाटावा म्हणून लोक काय काय करतात. (वजन कापसानं वाढत नाही, हे खरं, पण संशय घ्यायला काय जातं.) दुसरा संशय टायवाल्यावर, तो आमच्या मागोमाग येऊ शकत होता. कवडूला विचारलं तर तो म्हणते, "मले काईच मालूम नाई, मालक," आणि सारखा माझ्याकडेच पाहते. जयवंतानं त्यातला एक पुंजका घेतला, दोन बोटांत धरून त्याचा धागा ओढून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. शेतकऱ्याची मुलगी आहे. रविवारी दिवसभर काम केलं, सोमवारी पिशवी भरली.

तर अशी हकीकत आहे. यात माझा दोष काय, तुम्हीच सांगा. तिला यायचं असेल तेव्हा येईल, नसेल तर नागपूरचं सामान तुमच्याकडूनच परस्पर जाऊ द्या. डोळ्याला जपा. गाय व्याली असेल तर खरवस पाठवू नका, वाटेत फुटतो.

तुमच्या कुटुंबाचं बरं चिंतणारा,
वासुदेवराव

ता. क. (गुरुवार) पत्र पेटीत टाकायला निघालो तर देवकाबाई म्हणाली, वाचून दाखवा. दाखवलं. तिनं तांदूळ निवडत निवडत सारं ऐकलं आणि म्हणाली, "एवढं लांब लिवलं, अन् मधलं खरं काऊन नाई लिवलं?" म्हणून लिहितो. तो कापूस आमच्याच शेतातला. बंडी हलली की डबा आत खडखड वाजायचा. अर्ध्या वाटेवर मला राहवेना. कवडूचा पेचकस घेऊन स्क्रू फिरवले, झाकण काढलं, तर आत अर्ध्याहून जास्त जागा रिकामी. मला वाटलं, काचेचं भांडं नेताना पोकळीत कापूस घालतात, तसा घालावा, म्हणजे तिची वस्तू फुटणार नाही. घातला. घरी पोचलो तर ओसरीत लोक, आणि किसनराव. काढायचं राहून गेलं असं म्हणतो, पण खरं म्हणजे सर्वांसमोर झाकण उघडून कापूस काढायची मला लाज वाटली. म्हटलं, थोड्यानं काय होते. कवडूला शपथ घातली होती, ती काल सोडवली. तो बिचारा दोन दिवस जेवला नव्हता.

ता. क. दुसरं (सोमवार) पत्र अजून घरातच आहे. शुक्रवारी मधुकररावांकडे गेलो आणि त्यांना खरं सांगितलं. त्यांनी चिमट्यानं कापूस काढला, बटण दाबलं, तर कॉम्प्युटर ठणठणीत. तरीही मी त्यांना म्हटलं, माझी जबान मला परत द्या. हातावर मारलेला हात मी आजवर मागं घेतला नव्हता. वस्तू वाईट नाही, पण जू जिच्या खांद्यावर येणार तिला विचारलंच नाही, ही पारख कसली. त्यांनी माझा हात धरला, बोटं उलटी मोजली आणि सोडला. पैसे परत दिले. कापूस मात्र दिला नाही, म्हणाले, वातीले होईल.

मग देवकाबाईला गुडघ्यासकट बसमध्ये घालून प्रमिलाबाईंच्या दुकानात नेलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बोटं सांगायला लागलो, तर देवकाबाई म्हणाली, "तुमी कॅलेंडर पाहा." चाळीस वर्षं घरी बैलाचा सौदा निघाला की ती दारात उभी राहून दुपट्ट्याखालच्या माझ्या बोटांकडेच पाहत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं असतं त्याहून दोन पेरं कमी भावात सौदा झाला. किती ते ती मला सांगत नाही. 'सुगम' बसनं आणला, देवकाबाईच्या मांडीवर. वर्ध्याहून आंजीपर्यंत तिनं गुडघ्याचं नाव काढलं नाही.

ता. क. तिसरं. तुमच्या एका डोळ्याला पट्टी आहे आणि दुसऱ्याला दिसत नाही. इहीणबाई शाळेत गेलेल्या नाहीत. तेव्हा पहिल्या ओळीपासून हे पत्र कोण मोठ्यानं वाचून राहिलं आहे, ते मला आधीपासून ठाऊक आहे. म्हणून आता तिच्याशीच बोलतो. जयवंता, बेटा, तोंडावर सासऱ्याला हे बोलता येत नाही, पण माझं चुकलं. 'सुगम' ओसरीत ठेवला आहे. वर कापड टाकलं नाही, आत काही घातलं नाही, कोणी बटणाला हात लावला नाही. सहाही मुली रोज येऊन पाहून जातात. किसनराव बाहेरूनच विचारतात, सून केव्हा येणार. आधी बाबांच्या डोळ्याचं पाहा, कोणत्या डोळ्याला पट्टी आहे तेही पाहा. मग गुरुवारच्या दहाच्या बसनं येजो. मी थांब्यावर बंडी घेऊन उभा राहीन. बिछाना गवताचा आहे.